उरलेली चाळण

त्या आवारात कुणी धावत नसे. आग लागली तरी आमच्यात कुणी धावायचं नाही, असं थोरले दीर अभिमानानं सांगत, आणि गंमत म्हणजे ते खरंच होतं. रस्त्यावरून आत यायचं तर फाटकापाशी चपला काढायच्या, फोन तिथल्या लाकडी खोक्यात ठेवायचा, केसांतल्या पिना काढायच्या. अंगावर सुती कपडा असला तरच पुढं पाऊल. मग पाणी शिंपडलेल्या वाटेवरून अनवाणी आपापल्या खोलीकडे जायचं. प्रत्येक दाराशी तांब्याची एक पट्टी जमिनीत पुरलेली होती. तिला हात लावून अंगातली वीज आधी मातीत सोडायची आणि मगच दार लोटायचं. एका खोलीत एकच माणूस. दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही, लांबून हाक मारायची नाही, आणि दचकवायचं तर मुळीच नाही.

धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, किती सभ्य माणसं ही. कुणाचा आवाज चढत नाही, कुणी दार आपटत नाही. पुढं कळलं की सभ्य वगैरे काही नाही, घाबरलेली आहेत. भीती अंगवळणी पडली की ती सभ्यतेसारखीच दिसते.

घराचा धंदा शोभेच्या दारूचा. आभाळात जाऊन फुटणाऱ्या नळ्या आणि त्यांच्या पोटातल्या रंगीत गोळ्या. गोळ्यांचे रंग कुठून येतात असं कुणी विचारलं की धाकटी सांगायची, भाताला घातलेलं मिठाचं पाणी उतू गेलं की शेगडीची ज्योत पिवळी होते ना, तसंच. मीठ पिवळं जळतं. स्ट्रॉन्शियम लाल जळतं, बेरियम हिरवं. हे तिघे गुणी, सांगितलेलं काम करणारे. नाटकी काय तो निळा. तो तांब्यातून काढायचा. ज्योत थोडी थंड राहिली तर रंग उठत नाही, थोडी जास्त तापली की पांढरा पडून पळून जातो. ज्याला निळा जमला त्याला सगळं जमलं, असं या धंद्यात म्हणतात, आणि या घरात तो थोरलीला जमला होता. सासऱ्यांनी स्वतःच्या मुलांना सोडून थोरल्या सुनेला तो शिकवला होता. मुलं घाई करतात, म्हणाले होते, ही करत नाही.

सासऱ्यांच्या निळ्यात क्लोरेट होतं, ठिणगीआधीच भडकणारा एक क्षार. आता शहाणी माणसं त्याच्या जागी परक्लोरेट वापरतात, ते जरा थंड डोक्याचं. पण सासऱ्यांचा निळा म्हणजे सासऱ्यांचा निळा. तेव्हा घरात क्लोरेट होतं, आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला काळ्या खोलीत सोरा, कोळसा आणि गंधक होतं, नळी वर फेकणारी काळी दारू बनवायला. सगळ्या नियमांच्या डोक्यावर सासऱ्यांनी एक नियम बसवला होता. गंधकाची आणि क्लोरेटची गाठ कधी पडू द्यायची नाही. काही नातेवाईक असतात ना, ज्यांना एका खोलीत बसवायचं नसतं? बसतात बिचारे गप्प, आपल्याला वाटतं निवळलं सगळं, आणि मग कुणीतरी नुसती खुर्ची सरकवतं. तसं. नुसतं घासणं पुरतं. कधीकधी तेवढंही लागत नाही.

म्हणून काळ्या खोलीत धाकटी आणि निळ्या खोलीत थोरली. मध्ये अख्खं आवार आणि पाण्याचं टाकं. दोघींची खोरी वेगळी, ताटं वेगळी, झाडू वेगळे. चाळण्या दोन, दिसायला जुळ्या बहिणी. संध्याकाळी थोरले दीर त्या दोन वेगळ्या घमेल्यांत धुवायचे आणि ओसरीतल्या दोन खुंट्यांना अडकवायचे. एकीच्या कडेला काळी चिंधी, दुसरीच्या कडेला गडद निळी. सकाळी दोघी जावा ओसरीत उभ्या राहायच्या. थोरली हात पुढं करून म्हणायची, "निळी?" धाकटी बघून म्हणायची, "निळी." मग धाकटी म्हणायची, "काळी?" आणि थोरली, "काळी." एवढं बोलल्याशिवाय खुंटीवरून चाळण उतरत नसे. हाही सासऱ्यांचाच नियम. दोन डोळे चुकतात, चार डोळे चुकत नाहीत, म्हणायचे.

अडचण एवढीच होती की दोघी जावांनी एकमेकींशी बोलणं सोडलं होतं.

झालं होतं असं, की गेल्या आतषबाजीच्या कार्यक्रमानंतर गच्चीवरून उतरताना थोरली म्हणाली होती, यंदा निळा फिका पडलाय, तांब्याच्या पुडीत भेसळ असणार. धाकटी चटकन बोलून गेली, "निळा छान होता हो, जाऊबाई. तुमचे डोळे एकदा दाखवून घ्या." तिनं ते काळजीनं म्हटलं होतं. पण म्हटलं ते जिन्यात, दोन्ही नवऱ्यांसमोर आणि शेजारच्या बाईसमोर. थोरली तेव्हा काही बोलली नाही. त्यानंतरही बोलली नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिच्या डोळ्यांवर बोट ठेवणं म्हणजे हातातला निळा काढून घेणंच होतं, हे धाकटीला कळलं, पण उशिरा. मग तिचाही ताठा जागा झाला. मी का आधी बोलू? मी काय वाईट म्हटलं होतं?

तेव्हापासून निरोप थोरल्या दिरांमार्फत जात. थोरले दीर तरुणपणी एका नळीच्या फार जवळ उभे राहिले होते, त्यामुळे एका कानानं ठार आणि दुसऱ्यानं निम्मे बहिरे. "तिला सांगा कोळसा संपलाय," असं धाकटीनं म्हणावं, आणि दिरांनी आत जाऊन बायकोला सांगावं, "धाकटीला बरं नाही म्हणते." अशा दूताच्या भरवशावर घर चाललं होतं. आणि सकाळचं ते निळी-काळी गळून पडलं होतं. ते दिरांमार्फत होण्यासारखं नव्हतंच. थोरली आधी येऊन आपली चाळण घेऊन जायची, धाकटी मागून येऊन उरलेली घ्यायची. एकच उरलीय म्हणजे ती आपलीच. त्यात बघायचं काय?

धाकटीचा नवरा त्या दिवशी पुढच्या कार्यक्रमाचं मैदान बघायला परगावी गेला होता. तिनं नेहमीसारखी उरलेली चाळण काढली आणि काळ्या खोलीत गेली. खोलीत उजेड कमी, कारण दिवा बाहेर असायचा आणि त्याचा उजेड काचेतून आत पडायचा. तिनं गंधक चाळायला घेतलं. थोडं चाळून झाल्यावर वाटलं, जाळी कुठंतरी उसवलीय, खडे खाली येताहेत. म्हणून चाळण घेऊन ती दाराशी उन्हात आली, जाळी डोळ्यांसमोर धरली, आणि तिची नजर कडेच्या चिंधीवर गेली.

चिंधी निळी होती.

क्षणभर तिला काहीच कळलं नाही. मग तिनं दाराची चौकट धरली. चिंधीच्या बाजूला कडेला घातलेला फुलीचा टाका होता. लाकडी कड तडकली तेव्हा थोरलीनं स्वतः सुतळीनं घातलेला. हिरवट डागही होता, तांब्याचा. चाळण थोरलीची होती यात शंका उरली नाही. मग थोरलीच्या हातात कोणती असेल, हे काही वेगळं शोधायला नको होतं.

आवारापलीकडून आवाज येत होता. थप. थप. थप. थोरली चाळणीच्या कडेला तळहातानं मारत होती. रोज येणारा आवाज, इतका रोजचा की धाकटीला तो कधी ऐकूच आला नव्हता. आता तो तिच्या दातांत वाजला. एकेक थाप म्हणजे क्लोरेट त्या जाळीतून घासून खाली येत होतं, ज्या जाळीतून काल दिवसभर गंधक गेलं होतं. चाळण धुतलेली होती, खरं. पण धुतलेल्या चाळणीच्या सांध्यात काय दडून बसलंय, ते कुणी सांगावं?

धावायचं नाही. हे तिच्या पायांना माहीत होतं म्हणून बरं, कारण डोक्याला काहीच माहीत नव्हतं. ती ओल्या वाटेवरून चालू लागली. जीव धावत होता आणि पाय चालत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये ती फाटत होती. ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं तर थोरली दचकेल. दचकली तर हात आपटेल. टाक्याजवळून जाताना तिला वाटलं, थाप चुकली. ती थांबली. थप. पुन्हा सुरू. आयुष्यात तिला त्या आवाजाचा इतका राग आला नव्हता आणि तो चालू असल्याचा इतका आनंदही झाला नव्हता.

निळ्या खोलीला कमरेच्या उंचीवर जाळीची खिडकी होती. आत थोरली पाठमोरी बसलेली, हातांत सुती मोजे, समोर कागदावर पुडीचा ढीग. ढिगावर टेकलेली चाळण. कडेला काळी चिंधी लोंबत होती, शेंबड्या पोरालाही दिसावी अशी.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली.

थप.

"जाऊबाई, हात थांबवा."

थोरलीनं मान वळवली नाही. समोरच्या भिंतीला म्हणाली, "कामाच्या वेळी खिडकीशी येऊ नये असा इथं नियम आहे. कुणी विसरलं असेल तर सांगून ठेवलेलं बरं."

"चाळण बदललीय."

"भिंतीला सांगावं, इथं काही बदललेलं नाही. मी बघून घेतलीय. निळी आहे."

"काळी आहे हो."

"मला दिसतं," थोरली म्हणाली, आणि पुढची थाप जरा जोरात बसली.

धाकटीला कळलं, आपण पुन्हा त्याच जिन्यात उभ्या आहोत. आता काळी-निळी म्हणत राहिलो तर ते डोळ्यांवर जाणार, डोळ्यांवर गेलं की थोरलीचं डोकं तापणार, आणि डोक्याची वाट हातातून जाते. खरं बोलून ही बाई मरेल. खोटं तर सुचत नव्हतं. हुंदका तिनं गिळला, कारण हुंदक्यालाही आवाज असतो.

"तुमच्या चाळणीला तुम्ही टाका घातलाय ना," ती म्हणाली, हळू, झोपलेल्या मुलाशी बोलावं तसं. "फुलीचा. अंगठा ठेवायच्या जागी. चाळण उचलू नका. नुसता अंगठा फिरवा. टाका लागला तर मी जाते, आणि जन्मात पुन्हा तुमच्या खिडकीशी येत नाही."

थोरली थांबली. बहुतेक त्या शेवटच्या वाक्याचा मोह पडला असावा. तिचा मोज्यातला अंगठा कडेवरून सरकला. थोडा पुढं गेला. मागं आला. पुन्हा पुढं गेला, सावकाश, जसं अंधारात भिंतीवर बटण शोधतात. मग तो थांबला, आणि तिची पाठ बदलली. तेवढंच दिसलं धाकटीला. सगळी बाई तशीच होती, पाठ तेवढी म्हातारी झाली.

"टाका नाही," थोरली म्हणाली. भिंतीला नाही, खरंच कुणालातरी.

"तुमची माझ्याकडे आहे. ही बघा." धाकटीनं हातातली चाळण जाळीशी धरली.

थोरलीनं मान वळवून पाहिलं. आधी टाका, मग जाळी, मग जाळीत अडकलेली पिवळी धूळ.

"हलू नकोस," ती म्हणाली. इतक्या महिन्यांनंतर थोरलीनं धाकटीला म्हटलेला हा पहिला शब्द. "तशीच उभी राहा, धाकटे. चाळण तोंडापासून लांब. अगं लांब म्हणजे लांब, हात सरळ कर. झटकू नकोस."

तेव्हा कुठं धाकटीच्या लक्षात आलं की आपण काय घेऊन अख्खं आवार ओलांडून आलोय. थोरलीच्या चाळणीच्या सांध्यात जे काही निळ्याचं उरलं असेल त्यावर तिनं स्वतः आत्ताच गंधक चाळलं होतं. आणि तीच चाळण हातात धरून, छातीशी, चालत आणली होती. भूत बघून पळालेल्या माणसाला कळावं की ते पाठुंगळीलाच आहे, तसं झालं. हात हलायचे नाहीत एवढंच तिनं धरून ठेवलं.

आत थोरलीनं बोटं एकेक करून उचलली, चाळण होती तिथंच ढिगावर ठेवून. उठली. स्टूल मागं सरकवलं नाही, त्याच्यावरून बाजूला झाली. दाराबाहेर येऊन सवयीनं तांब्याच्या पट्टीला हात लावला. मग धाकटीच्या मागं येऊन उभी राहिली.

"तुम्ही जा फाटकाबाहेर," धाकटी म्हणाली. "एकाजवळ एकच. नियम आहे."

"नियम मला शिकवू नकोस, मी तुला शिकवलेत. टाक्याकडे चल. जमिनीवर ठेवायची नाही, खडी आहे. पाण्यात सोडायची."

"माझे पाय चालत नाहीत."

"मग बसतेस का तिच्यासकट? चल. उजवा टाक. मी मागं आहे."

उजवा. डावा. थोरली मागून सांगत होती आणि धाकटी चालत होती, चालायला शिकणाऱ्या मुलासारखी. घामाचा थेंब नाकावरून ओठावर आला. पुसायला हात नव्हता. चाळणीच्या जाळीतून खालची वाट दिसत होती, पिवळी, बारीक चौकटींची. आता शिंक आली तर, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच नाकात खाज सुटली.

"शिंक येतेय," ती म्हणाली.

"येऊ देऊ नकोस."

"असं सांगून थांबते का?"

"माझ्या भावाची दुसरी बायको आठव. तिनं तुला पहिल्या भेटीत काय म्हटलं होतं ते आठव."

"रंगानं बरी आहे पण नाक जरा..." आणि धाकटीला इतका राग आला की शिंक परत गेली.

टाक्याशी दोघी थांबल्या. "कड आधी," थोरली म्हणाली. "कड पाण्याला टेकव. आता झोपव तिला. सोडू नकोस, पाणी चढू दे. हं. अजून खाली. आता सोड." चाळण बुडाली. पिवळी धूळ तेवढी वर राहून पाण्यावर पसरली, निरुपद्रवी, परागासारखी. "आता हात. कोपरापर्यंत. बाह्या भिजव. केसांना लावू नकोस, वेडे." थोरलीनं स्वतःचे मोजे उलटे न करता पाण्यातच काढले. चार हात टाक्यात होते.

तेवढ्यात कागदाच्या खोलीतून थोरले दीर बाहेर आले. दोघी जावा एका टाक्यात हात घालून उभ्या, हे दृश्य पाहून ते जागीच थबकले आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "समेट झाला का?"

दोघींनी ओठांवर बोट ठेवलं आणि फाटकाकडे दाखवलं. या घरात त्या खुणेचा एकच अर्थ होता, गुपचूप बाहेर. दिरांनी पुन्हा विचारलं नाही. धावलेही नाहीत.

चपलांसाठी कुणी थांबलं नाही. खोक्यातला फोन काढून धाकटीनं अग्निशमनवाल्यांना बोलावलं, काय कशात मिसळलंय तेही सांगितलं, आणि तिघं रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर तापल्या दगडावर पाय वर घेऊन बसले. दिरांना थोरलीनं नाक्यावर पाठवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवायला. तुमचा आवाज आज पहिल्यांदा कामाला येईल, म्हणाली.

मग दोघीच उरल्या. समोर आवाराची भिंत, भिंतीमागं निळ्या खोलीचं पत्र्याचं हलकं छप्पर. स्फोट झालाच तर भिंती न फुटता छप्पर उडावं म्हणून मुद्दाम हलकं केलेलं. दोघी त्या छपराकडे बघत होत्या. काही होत नव्हतं. छपरावर एक कावळा येऊन बसला. धाकटीला त्याला उठवावंसं वाटलं आणि ओरडायचं धैर्य झालं नाही.

"मागच्या बाजूला वाळवणाची खोली आहे," थोरली एकदम म्हणाली. "लाल, हिरव्या सगळ्या गोळ्या तिथं आहेत. मैदानाच्या कार्यक्रमाच्या. ही उडाली तर ती पण जाणार."

"जाऊ दे."

"ताटंच तर उचलायचीत. निळ्या खोलीला हातही लावायचा नाही. दोन खेपांत..."

ती उठलीसुद्धा. धाकटीनं तिचं मनगट धरलं.

"सोड."

"नाही."

"तू कोण मला नाही म्हणणारी?"

"तुमची एकुलती एक जाऊ."

"एकुलती एकच पुरे झाली. सोड म्हणते ना. सगळ्या घराचे कष्ट आहेत तिथं. मला काय होतंय? आत्ता तिथंच बसले होते ना तासभर, काय झालं?"

हेच ते. सासरेच जणू शेजारी येऊन सांगू लागले, त्या नातेवाईकांचं. बसतात गप्प, आपल्याला वाटतं निवळलं. तिला थोरलीला समजावायचं होतं, की ओलसर हवा, उकाडा, ढिगाच्या पोटात कुठंतरी एक कण. हात न लावताही. पण हे सगळं थोरलीनंच तिला शिकवलं होतं. शिकवलेलं तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? माहीत असून ती उठली होती.

"मला एकटीला भीती वाटते," धाकटी म्हणाली. "इथं एकटीनं बसायची. तुम्ही आत असताना मी हे छप्पर नाही बघू शकत. मघाशी बघितलं तेवढं खूप झालं. हवं तर पुन्हा अबोला धरा, पण इथं बसून धरा."

थोरली उभीच होती. मग हळूहळू बसली. मनगट तिनं सोडवून घेतलं नाही.

छपराकडे बघतच म्हणाली, "मी बघितलं होतं ग सकाळी. नुसती उचलली नाही. चिंधी हातात धरून बघितली. मला ती निळीच दिसली." आणि मग, आणखी हळू, "काळं आणि गडद निळं आता एकच दिसतं. केव्हापासून, ते मलाही माहीत नाही. मला वाटायचं, ऊन कमी आहे."

बोलण्यासारखं ते धाकटी जिन्यातच बोलून बसली होती.

"डोळा काढतात का?"

"मोतीबिंदू काढतात. डोळा तिथंच ठेवतात."

"शेजारीण म्हणाली होती, काढतात."

"शेजारीण गच्चीवर बसून म्हणाली होती की निळ्याला नीळ घालतात."

थोरलीच्या नाकातून हसू निघालं आणि अर्ध्यातच त्याचं रडणं झालं. ते लपवायला ती तळपायाला टोचलेला खडा काढत बसली. खडा नव्हताच.

गाडी आली. त्यांचा मुख्य पोक्त, घाई नसलेला माणूस होता. धाकटीनं सगळं पुन्हा सांगितलं, काळ्या खोलीतलं चाळलेलं गंधकही धरून. त्यानं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "चाळण्या खोलीबाहेर निघतातच कशा?"

इतकी वर्षं निघत होत्या, हे काही उत्तर नव्हे.

"आणि क्लोरेट अजून वापरता?"

"सासऱ्यांचा निळा आहे," थोरली म्हणाली.

"सासरे कुठं आहेत?"

"गेले."

"कशानं?"

"म्हातारपणानं," थोरली ताठ होत म्हणाली. मग तिच्यानं राहवलं नाही. "दोन बोटं आधीच गेली होती."

त्यानं मान हलवली आणि माणसांना भिंतीच्या आडून पाइप लावायला सांगितला. "जोराचा फवारा नको," थोरली म्हणाली. "ढीग उडेल. बारीक सोडा. झारीनं सोडतात तसा." त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि तसंच सांगितलं. कावळा उडाला. पाणी जाळीच्या खिडकीतून बारीक धुक्यासारखं आत जाऊ लागलं. धाकटीनं डोळे मिटले. थोरलीची बोटं आता तिच्या मनगटात रुतली होती, आणि ती रुतलेली राहावीत असं तिला वाटत होतं. कानांत नुसती सरसर. त्या सरसरीत कुठं वेगळा आवाज येतो का, याची ती वाट बघत राहिली. वाट बघता बघता ऊन कट्ट्यावरून खाली उतरलं.

काहीच झालं नाही.

मुख्य माणूस परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजला होता. दोन्ही खोल्या बुडवल्यात, म्हणाला, वाळूनं गटार अडवलंय, हा चिखल उद्या आमची माणसं नेतील, तोवर आत कुणी जायचं नाही. आणि पुन्हा काम सुरू करायच्या आधी मी येऊन बघणार. मग जाता जाता, "उडालं असतं का, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. तुम्हालाही कळणार नाही."

थोरले दीर नाक्यावरून परतले होते. "काय म्हणाला?"

"काही झालं नाही म्हणाला," थोरली त्यांच्या निम्म्या कानात ओरडली.

"मग एवढा वेळ कशाला लावला?"

संध्याकाळी तिघं फाटकाशी आले. फाटकातून वाळूच्या बांधाशी साचलेलं पाणी दिसत होतं, हिरवट, मधूनच निळं. थोरली त्याच्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. रंग कोणता, असं तिनं विचारलं नाही आणि धाकटीनं सांगितलं नाही. सासऱ्यांचा निळा होता, आणि तो आता काही परत होणार नव्हता, हे दोघींना कळत होतं.

फाटकाच्या आडोशाला सकाळच्या चपला तशाच पडल्या होत्या. दोघींच्या एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या, रंग तेवढे वेगळे, एक काळा आणि एक गडद निळा. धाकटी आपल्या शोधायला वाकली. थोरलीनं तिच्या आधीच एक जोड उचलला होता. पायात सरकवणार, तोच ती थांबली. जोड तिनं धाकटीसमोर धरला. थोरले दीर बघत होते, रस्त्यावरून माणसं जात होती, पण तिनं आवाज खाली आणला नाही.

"काळी?" तिनं विचारलं.

धाकटीनं नीट बघितलं. उजेडाकडे वळवून, उलटी करून, पुन्हा एकदा बघितलं.

"निळी," ती म्हणाली. "माझी आहे. तुमची ही."

"काळी," थोरली म्हणाली, आणि पाय पुढं केला.